स्फटिकाचा शेवटचा थर

१९१२ साली म्युनिकमध्ये फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोघांनी, माक्स फॉन लाऊए यांच्या कल्पनेवरून, मोरचुदाच्या एका स्फटिकावर क्ष-किरण सोडले आणि मागे ठेवलेल्या फोटोप्लेटवर ठिपके उमटले. क्ष-किरण लहरींसारखे वागतात आणि स्फटिकातले अणू रांगा धरून शिस्तीत बसलेले असतात, या दोन्ही गोष्टी त्या प्रयोगाने एकदमच दाखवून दिल्या. पुढच्याच वर्षी धाकट्या ब्रॅगने मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन कसे आलटूनपालटून बसतात ते मांडले. तेव्हापासून खनिजे, औषधे, प्रथिने, विषाणू अशा असंख्य गोष्टींची अणुरचना याच वाटेने आपल्या हाती आली. या साऱ्या यशामागे एक सोयीचे गृहीतक होते. स्फटिक सर्व दिशांना न संपता पसरलेला आहे असे धरून गणित केले जाई. लाखो थरांच्या खड्यात शेवटच्या दोनचार थरांनी काय बिघडते, असा तो हिशेब होता, आणि आतल्या रचनेपुरता तो बरोबरही होता.

हे पुस्तक त्या शेवटच्या दोनचार थरांविषयी आहे, आणि तेही ऑक्साइडांच्या. विषय इतका अरुंद का निवडला, असे कोणी विचारील. मला तो अरुंद वाटत नाही. भूकवचाच्या वजनात जवळजवळ ४६ टक्के ऑक्सिजन आहे. आपल्या पायाखालचे दगड, कोकणातला जांभा, लोखंडावरचा गंज, ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरचा डोळ्यांना न दिसणारा संरक्षक पापुद्रा, ही सगळी ऑक्साइडे किंवा त्यांची जवळची नातेवाईक मंडळी. आणि या पदार्थांचा बाहेरच्या जगाशी जो काही व्यवहार होतो तो पृष्ठभागावर होतो. बंगालच्या भूजलात आर्सेनिक किती विरघळलेले राहील हे मातीतल्या लोहऑक्साइडाच्या कणांचा पृष्ठभाग ते किती धरून ठेवतो यावर बरेचसे अवलंबून असते. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, तेही पृष्ठभागावरच.

स्फटिकाच्या पोटातल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. काठावरच्या अणूचे वरचे शेजारी नाहीसे झालेले असतात, म्हणून तो जागचा हलतो. कधी आत ओढला जातो, कधी बाहेर सरकतो, कधी बाजूच्या अणूशी नवा बंध जुळवतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत मात्र आतलीच रचना सरळ छाटून पृष्ठभाग काढलेला असतो. मॅग्नेशियम ऑक्साइडसारखा एखादा सरळमार्गी पदार्थ सोडला तर ऑक्साइडांच्या बाबतीत हे चित्र क्वचितच खरे ठरते. कारण इथे अणूंवर विद्युतभार असतो. धातू कुठेही कापला तरी त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन इकडेतिकडे सरकून गोष्टी सांभाळून घेतात. ऑक्साइडात कोणत्या थरावर स्फटिक संपतो यावर सगळे ठरते, आणि तो थर भाराने असमतोल असेल तर स्फटिकाला काहीतरी मार्ग काढावाच लागतो. अणू सरकवणे, ऑक्सिजन टाकून देणे, हवेतली ओल ओढून घेणे, इलेक्ट्रॉनांची फेरवाटणी करणे, यांतला कोणता मार्ग त्याने काढला हे शोधून काढणे म्हणजेच हा अभ्यास.

पृष्ठभाग पाहण्याची दुसरी साधने नाहीत असे नाही. डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनांचे विवर्तन मिळवले. १९८० च्या दशकात बिनिग आणि रोरर यांच्या सूक्ष्मदर्शकाने सिलिकॉनवरचे अणू एकेक करून दाखवले. पण इलेक्ट्रॉनांना निर्वात लागतो, विद्युतरोधक पदार्थावर ते साचून राहतात, आणि दोन पदार्थांच्या मधले गाडलेले आंतरपृष्ठ त्यांना सहजी दिसत नाही. क्ष-किरणांना यातली एकही अडचण नाही. ते हवेतून जातात, पाण्याच्या पातळ थरातून जातात, वरचा थर भेदून खालच्या सांध्यापर्यंत पोहोचतात. त्यांची अडचण नेमकी उलटी आहे. ते फार खोल जातात. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या तुकड्यात सुमारे तेरा लाख एकक कोष, म्हणजे रचनेचे पुन्हापुन्हा येणारे सर्वांत लहान ठोकळे, एकावर एक रचलेले असतात. त्यांतल्या वरच्या दोनचारांचा आवाज बाकीच्या लाखोंच्या गलबल्यातून वेगळा कसा काढायचा?

यावर दोन उत्तरे सापडली. पहिले म्हणजे किरण जवळजवळ पृष्ठभागाला समांतर सोडायचे. क्ष-किरणांसाठी घन पदार्थाचा अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे फारच लहान कोनात आलेला किरण आत न शिरता बाहेरच्या बाहेर परावर्तित होतो. कॉम्प्टन यांनी हे १९२३ मध्येच दाखवले होते. हा कोन साधारण पाव ते अर्ध्या अंशाच्या घरातला. त्याच्या खाली किरणांचा शिरकाव काही नॅनोमीटरपुरताच होतो. १९७९ मध्ये मारा, आयझेनबर्गर आणि चो यांनी ही युक्ती विवर्तनाला जोडली आणि गॅलियम आर्सेनाइडवरच्या ॲल्युमिनियमचा सांधा तपासला.

दुसरे उत्तर मला अधिक सुंदर वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. अमर्याद स्फटिक असता तर विवर्तित किरण फक्त ठरावीक दिशांना, तीक्ष्ण ठिपक्यांच्या रूपात मिळाले असते. बाकी सगळीकडे शून्य. पण स्फटिक एका पातळीवर संपतो. त्या संपण्याचा परिणाम असा की पृष्ठभागाला लंब दिशेत दोन ठिपक्यांच्या मधली जागा पूर्ण काळी राहत नाही. तिथे क्षीण प्रकाशाची एक रेघ असते. या रेघांना या क्षेत्रात सगळेजण नुसते रॉड म्हणतात. दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्यावर प्रत्येक थराची लहर खालच्या थराच्या लहरीच्या उलट असते, एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार. थर जोडीजोडीने एकमेकांना खोडत जातात, आणि सगळा हिशेब झाल्यावर उरते ती एका थराच्या निम्म्याएवढी लहर. तेरा लाख थरांचा खडा, आणि त्या बिंदूवर तो अर्ध्या थरासारखा वागतो! तिथे मोजलेली तीव्रता ठिपक्यावरच्या तीव्रतेपेक्षा लाखो पटींनी कमी असते, पण ती वरच्या थरांबद्दल बोलत असते. वरचा थर दशांश अँगस्ट्रॉम वर सरकला तर रेघेचा आकार बदलतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर ती मध्यावर खचते. इयन रॉबिन्सन यांनी १९८६ मध्ये हे गणित नीट मांडले आणि या रॉडांचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र झाले.

इतका क्षीण प्रकाश मोजायचा तर उगम प्रखर हवा. म्हणून हे काम सिंक्रोट्रॉनवर चालते. ग्रेनोबलचे युरोपीय केंद्र (परीघ ८४४ मीटर), शिकागोजवळचे आर्गॉन, जपानमधले स्प्रिंग-८, हॅम्बुर्गचे पेट्रा-३, स्वित्झर्लंडमध्ये व्हिलिगेनचे केंद्र, ही या विषयाची तीर्थक्षेत्रे. वेग प्रकाशाच्या अगदी जवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन कड्यात फिरत असतात आणि वळताना क्ष-किरण सांडतात.

प्रत्यक्ष प्रयोग कसा होतो हे वाचकाने डोळ्यांसमोर आणावे. सॅम्पल म्हणजे बहुधा नखाएवढा, काचेसारखा पारदर्शक तुकडा. स्ट्रॉन्शियम टायटनेट घेतले तर त्यात स्ट्रॉन्शियम-ऑक्सिजनचा एक थर, टायटॅनियम-ऑक्सिजनचा एक थर, अशी आळीपाळी असते. नुसता पॉलिश केलेला तुकडा दोन्ही थरांवर कुठेही संपतो. १९९४ मध्ये कावासाकी आणि सहकाऱ्यांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने स्ट्रॉन्शियमचे थर धुऊन काढून सगळा पृष्ठभाग टायटॅनियमच्या थरावर आणण्याची कृती दिली. नंतर तापवले की ०.३९ नॅनोमीटर उंचीच्या, म्हणजे एकेका एकक कोषाच्या, पायऱ्या आणि त्यांमधली सपाट पठारे तयार होतात. ऑक्साइडांचे हे शास्त्र या एका धुलाईवर उभे आहे असे म्हटले तरी चालेल. असा तुकडा विवर्तनमापीच्या मधोमध बसवायचा, शिशाच्या भिंतींच्या खोलीतून बाहेर पडून दार लावायचे, आणि पृष्ठभाग किरणाशी अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवून घ्यायचा. या जुळवणीत कितीतरी तास जातात. पूर्वी रॉडवरच्या प्रत्येक बिंदूसाठी स्फटिक थोडा थोडा डोलवून मोजमाप घ्यावे लागे. व्हिलिगेनला एकेक फोटॉन मोजणारा पिलाटस हा डिटेक्टर तयार झाल्यापासून एका फोटोत ठिपका आणि त्याभोवतीची पार्श्वभूमी दोन्ही मिळतात. पार्श्वभूमी वजा केली की तो बिंदू झाला. बीमटाइम, म्हणजे किरण वापरायला मिळालेला वेळ, मोजकाच असतो, रात्रंदिवस पाळ्या लावून तो वापरला जातो, आणि शेवटी हाती हजारो आकडे असतात.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. डिटेक्टर लहरीची तीव्रता सांगतो. ती लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर होती ते सांगत नाही. तेच माहीत असते तर अणूंचा नकाशा सरळ गणिताने काढता आला असता. ते नसल्यामुळे रचनेचा अंदाज करायचा, त्यावरून रॉड कसे दिसतील ते काढायचे, मोजलेल्याशी ताडून पाहायचे, अणू हलवायचे, पुन्हा ताडायचे, असे चालते. यात धोका उघड आहे. अंदाजच चुकीच्या दिशेने सुरू झाला तर चांगली जुळलेली वक्ररेषासुद्धा खोटी रचना दाखवू शकते. यावर जेरुसलेमच्या याकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्याय काढला. खालच्या स्फटिकाची रचना आपल्याला पक्की माहीत असते. तिची लहर संदर्भ म्हणून वापरायची आणि वरच्या थरांच्या लहरीचा टप्पा त्यातून वसूल करायचा. २००२ नंतर या आणि अशाच पद्धतींनी पूर्वअंदाजाशिवाय नकाशे निघू लागले.

तरीही एक अडचण कोणत्याही पद्धतीने पूर्ण मिटत नाही, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. टायटॅनियमकडे २२ इलेक्ट्रॉन, लँथॅनमकडे ५७, ऑक्सिजनकडे अवघे ८. तीव्रतेत हा फरक वर्गाने वाढतो. लँथॅनमच्या शेजारी बसलेला ऑक्सिजन पन्नास पटींनी फिका पडतो. म्हणजे ज्या अणूवरून या पदार्थांना ऑक्साइड म्हणायचे, ज्याच्या हालचालीवर पृष्ठभागाचे सगळे रसायन अवलंबून, तोच क्ष-किरणांना सर्वांत अंधुक दिसतो.

याचे परिणाम काय होतात ते टायटॅनियम डायऑक्साइडच्या कथेत दिसते. रुटाइल या त्याच्या रूपाचा (११०) या दिशेने कापलेला पृष्ठभाग ऑक्साइडांच्या अभ्यासात सर्वाधिक तपासला गेलेला. त्यावर ऑक्सिजनच्या रांगा पुलासारख्या उभ्या असतात. प्रत्येक ऑक्सिजन दोन टायटॅनियमना जोडतो. १९९७ मध्ये चार्ल्टन आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी या रांगांची जागा मोजली आणि निष्कर्ष काढला की पुलावरचे ऑक्सिजन ०.२७ अँगस्ट्रॉम आत सरकले आहेत. मोजमाप काळजीपूर्वक केलेले, त्रुटीची मर्यादाही दिलेली: ०.०८. पण सैद्धांतिक गणिते करणाऱ्यांना एवढे आत सरकणे काही केल्या मिळेना. कित्येक वर्षे हा वाद चालला. आणि प्रयोगच आहे म्हटल्यावर गणित कुठे चुकते याचा शोध घेण्यात अनेकांनी श्रम घातले. २००५ मध्ये लिंडसे आणि सहकाऱ्यांनी मंदगती इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने तोच पृष्ठभाग पुन्हा तपासला. इलेक्ट्रॉनांना ऑक्सिजन तुलनेने बरा दिसतो. उत्तर आले ०.१० अँगस्ट्रॉम, आणि दिशा बाहेरची! २००७ मध्ये क्ष-किरणांनी नव्याने मोजणी झाली, आणि तिनेही बाहेरचीच दिशा दाखवली.

या कथेत कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. उलट ती दुरुस्ती क्ष-किरणांचेच काम करणाऱ्यांनी हाती घेतली आणि आधीचा निष्कर्ष बदलला हे जाहीरपणे छापले, याचा मला आदर वाटतो. पण पुस्तकातली एकूणएक आकृती पाहताना ही गोष्ट लक्षात असावी. रंगीत गोळ्यांच्या त्या चित्रात जड अणूंचे स्थान बहुधा पक्के असते. ऑक्सिजनचे स्थान किती पक्के आहे, हे आकृतीवरून कळत नाही. कोष्टकातल्या त्रुटीच्या रकान्यात पाहावे लागते, आणि तेवढ्यानेही भागत नाही. दुसऱ्या पद्धतीने तेच उत्तर येते का, हे पाहावे लागते.

ॲल्युमिनाची, म्हणजे कुरुंदाची, गोष्ट वेगळ्या कारणाने महत्त्वाची. ग्रेनोबलच्या रनो आणि त्यांच्या गटाने १९९० च्या दशकात निर्वातात तापवून स्वच्छ केलेला पृष्ठभाग तपासला. सर्वांत वर ॲल्युमिनियमचा एक थर, आणि तो खालच्या ऑक्सिजनकडे इतका ओढलेला की दोन्हींमधले अंतर जवळजवळ निम्म्यावर आलेले. मग २००० मध्ये आर्गॉनला एंग आणि सहकाऱ्यांनी तोच पृष्ठभाग ओला असताना मोजला. आता वरचा थर ऑक्सिजनचा होता. एकच स्फटिक, एकच दिशा, आणि कोरडा असताना एक अणू वर, ओला असताना दुसरा. निसर्गातला ॲल्युमिनाचा कण निर्वातात कधीच नसतो. तो पावसात, मातीत, भूजलात असतो. रसायनाच्या दृष्टीने ओला पृष्ठभागच खरा, आणि तो पाहण्याची सोय पाणी भेदणाऱ्या क्ष-किरणांनी करून दिली. खनिज आणि पाणी यांच्या सांध्यावरची या पुस्तकातली प्रकरणे मला सर्वांत मोलाची वाटतात ती यासाठी.

आंतरपृष्ठांकडे वळले की सगळे लक्ष एका जोडीकडे जाते: स्ट्रॉन्शियम टायटनेटवर चढवलेला लँथॅनम ॲल्युमिनेट. पहिला पदार्थ १९५० च्या दशकात हिऱ्याची नक्कल म्हणून दागिन्यांत वापरला जाई. दोन्ही पारदर्शक, दोन्ही विद्युतरोधक. २००४ मध्ये ओहतोमो आणि ह्वांग यांनी दाखवले की त्यांच्या सांध्यावर वीज वाहते. दोन वर्षांनी आउग्सबुर्गच्या गटाला आढळले की वरच्या थराची जाडी चार एकक कोषांहून कमी असेल तर काहीच वाहत नाही; चौथा कोष चढला की वाहू लागते. २००७ मध्ये तर हाच सांधा ०.२ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहक झालेला आढळला. स्पष्टीकरण मोठे आकर्षक होते. लँथॅनम ॲल्युमिनेटचे थर आळीपाळीने धन आणि ऋण भाराचे असतात, टायटनेटचे भाररहित. थर वाढत जातील तसा विद्युतदाब साठत जातो, आणि एका मर्यादेनंतर इलेक्ट्रॉन सांध्याकडे सरकून तो दाब सोडवतात. चौथ्या कोषाचे कोडे त्यातून सुटते.

पण या स्पष्टीकरणात सांधा धारदार धरलेला होता. २००७ मध्येच व्हिलिगेनला विलमॉट आणि सहकाऱ्यांनी पाच थरांच्या फिल्मची संपूर्ण अणुरचना रॉडांवरून काढली. सांधा धारदार नव्हता. लँथॅनम आणि स्ट्रॉन्शियम एकमेकांच्या हद्दीत शिरलेले होते, आणि त्या मिश्र पट्ट्यात अंतरे फुगलेली होती. असे मिश्रण स्वतःच वाहक असू शकते. २०११ मध्ये त्याच केंद्रावर दोन ते पाच थरांच्या फिल्म मोजल्यावर दिसले की धन आणि ऋण अणू एका पातळीवर न राहता एकमेकांपासून वरखाली सरकतात आणि साठलेला दाब काही अंशी स्वतःच सोसतात. थर वाढतात तसे हे सरकणे कमी होते. म्हणजे आकर्षक स्पष्टीकरण पूर्ण खोटे नाही, पण एकटेही पुरेसे नाही. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा वाटा किती, हा प्रश्न त्यात भर घालतोच. अनेक पाठ्यपुस्तकांत आजही फक्त धारदार सांध्याचे चित्र छापले जाते, आणि ते मला मान्य नाही. मोजलेली रचना उपलब्ध असताना कल्पिलेली रचना विद्यार्थ्यापुढे ठेवू नये.

या विषयाला आपल्याकडेही जमीन आहे. लेसरचा मारा करून ऑक्साइडांच्या फिल्म चढवण्याच्या तंत्रात पुणे विद्यापीठात १९८० च्या दशकापासून काम झाले. सतीशचंद्र ओगले यांचे या क्षेत्रातले संशोधन आणि ऑक्साइड इलेक्ट्रॉनिक्सवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ जगभर वापरला जातो. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातले इंडस-२ हे २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे, १७२.५ मीटर परिघाचे सिंक्रोट्रॉन पुण्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. जपानमधल्या त्सुकुबाला एक भारतीय बीमलाइन आहे, हॅम्बुर्गला भारतीय गटांसाठी सोय आहे. ग्रेनोबलच्या यंत्राएवढी प्रखरता इंदूरला नाही हे खरे, पण रॉड मोजायला शिकण्यासाठी आणि फिल्मची जाडी, खडबडीतपणा, सांध्याचा धारदारपणा तपासण्यासाठी ते पुष्कळ झाले.

वाचकांना वाचनाविषयी एवढेच सुचवतो. रॉडांचे गणित असलेले प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन वाचा. मध्यबिंदूवरची अर्ध्या थराची बेरीज स्वतः करून पाहा, बाकीचे आपोआप उलगडेल. गणिताची भीती वाटत असेल तर खनिज-पाण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करायला हरकत नाही. आणि भौतिकशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या, भूशास्त्राच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की पुस्तक संपल्यावर आपल्या मार्गदर्शकांबरोबर बीमटाइमसाठी अर्ज लिहावा. अर्जांची छाननी कामाच्या गुणवत्तेवर होते, आणि चांगला तयार केलेला पृष्ठभाग घेऊन येणाऱ्याची तिथे गरज आहे.